सातारा-सांगलीत सरपटणारा जुनिपर लावायचाय? मग आधी पाणी कुठून जातं ते बघा

बंगल्यासमोर उतार आहे, लॉन टिकत नाही, पावसात माती वाहून जाते, उन्हाळ्यात नुसता धुरळा, आणि वर्षभर हिरवं दिसेल, रोज उठून पाणी घालायला लागणार नाही असं काहीतरी पाहिजे. असं कुणी म्हटलं की हल्ली मोबाईलवर फोटो बघून एकच नाव पुढे येतं, जुनिपर. हॉटेलच्या दारात कुंडीत सरळ उभा वाढलेला असतो तो नाही, जमिनीला चिकटून गालिच्यासारखा पसरणारा. फोटोत भारी दिसतो, वादच नाही. पण ते फोटो असतात अमेरिका-कॅनडातले आणि आपली बाग असते कृष्णाकाठी, त्यामुळे तिकडची माहिती जशीच्या तशी वाचून लावला की दोन पावसाळ्यांत झाड तपकिरी पडतं आणि मग सगळे म्हणतात ऊन लागलं, आपल्याकडे हे जमत नाही. ऊन नसतं लागलेलं हो, खाली मुळं कुजलेली असतात. आपल्या भागात हे झाड तहानेने क्वचित मरतं, मरतं ते पाणी तुंबल्याने, त्यामुळे खाली जे काही लिहिलंय त्यातलं निम्मं पाण्याच्या निचऱ्याबद्दलच आहे.

झाड मुळात कुठलं

शास्त्रीय नाव जुनिपरस हॉरिझॉन्टॅलिस. अलास्का, कॅनडा आणि अमेरिकेचा उत्तरेकडचा भाग हे याचं घर. तिकडे ते खडकाळ कडे, वाळूचे किनारे, तळ्याकाठची खडी अशा जागी आपोआप वाढतं, म्हणजे जिथे माती जेमतेम आणि पाणी टाकलं की लगेच खाली जातं. उंची १५ ते ४५ सेंटिमीटर, पसारा जातीप्रमाणे दीड ते अडीच मीटर, कधी जास्तही. फांद्या जमिनीवर लोळत जातात आणि माती मिळाली की मध्येमध्ये स्वतःच मूळ धरतात, म्हणून उतारावरची माती धरून ठेवायला हे झाड तिकडे मुद्दाम लावतात.

अमेरिकेत कुठलं झाड किती थंडी सोसतं याचे झोन पाडलेत, त्यात याला ३ ते ९ देतात. झोन ३ म्हणजे उणे ४० अंशापर्यंत जाणारी थंडी. वरची हद्द ९ ला संपते, आणि आपली सांगली, मिरज, कराड ही सगळी त्या ९ च्या पलीकडे उबदार बाजूला पडतात. म्हणजे आपण हे झाड त्याच्या आवडीच्या हवेच्या बाहेर वाढवायला निघालोय. अशक्य नाही, पण थोडी बडदास्त ठेवावी लागते आणि जागा नीट निवडावी लागते. नर्सरीवाला "कुठेही येतं साहेब, काही करायला लागत नाही" म्हणाला तर मान डोलवा आणि पुढे वाचा.

आपल्या दोन जिल्ह्यांत कुठे जमेल

सातारा जिल्हा म्हणजे एकाच जिल्ह्यात चार हवामानं. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर, हवा जुनिपरला एकदम मानवणारी, पण पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर. जून ते सप्टेंबर झाड सतत ओलं, ऊन जवळपास नाहीच, अशात बुरशी नाही आली तर नवल. तिथे लावायचाच तर तीव्र उतारावर, जांभ्याच्या दगडांत, अजिबात सावली नाही अशा जागी, आणि तरी काही फांद्या दरवर्षी जाणार हे धरून चला. पाचगणी आणि तिथून पूर्वेला वाईच्या बाजूने उतरणारा भाग मला सगळ्यात चांगला वाटतो, थंड हवा मिळते आणि पाऊस महाबळेश्वरपेक्षा खूपच कमी. सातारा शहराच्या कडेचे उतार, कोरेगावकडची मुरमाड जमीन, इथेही व्यवस्थित येतो.

माण, खटाव, आणि सांगलीकडे आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, जमीन हलकी, मुरूम वर आलेला. लोकांना वाटतं इथे जुनिपर शक्यच नाही, पण उलट आहे, मुळांना हवी तशी जमीन इथेच आहे. त्रास फक्त एप्रिल-मेच्या कडाक्याच्या उन्हाचा आणि कोळी किडीचा, आणि त्याला उपाय आहेत.

जिथे लावू नका असं मी स्पष्ट सांगेन ती जागा म्हणजे सांगली शहर, पलूस, वाळवा, मिरजेचा नदीकडचा भाग, सगळी खोल काळी माती. उसाला सोनं असेल, जुनिपरला नाही. त्यातून २००५, २०१९, २०२१ ला जिथे पुराचं पाणी आलं होतं तिथे तर विचारच करू नका, चार दिवस मुळं पाण्याखाली राहिली की खेळ संपला. क्षारपड जमिनीचंही तसंच, जुनिपर थोडे क्षार सहन करतो पण क्षारपड म्हणजे खाली पाणी तुंबलेलं असणारच, आणि ते त्याला चालत नाही. काळ्या मातीत त्यापेक्षा रिओ, स्प्रेंगेरी असली शोभेची झाडं लावा, हिरवं राहतं. फक्त ते पिवळ्या फुलांचं वेडेलिया लावू नका, ते नंतर शेजाऱ्याच्या बांधापर्यंत जातं आणि उपटून संपत नाही.

आणि एक, कास किंवा तसल्या कुठल्याही सड्यावर, पठारावर परदेशी झाड नेऊन लावायचं नाही. कासचं पठार २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आहे, तिथली इवलीशी फुलं उघड्या कातळावरच्या बोटभर मातीवर जगतात, त्यावर पसरणारं सदाहरित झाड म्हणजे त्यांच्या डोक्यावर झाकण. आपल्या कंपाउंडच्या आत काय ते करा.

कुठली जात मागायची

हॉरिझॉन्टॅलिसमधली सगळ्यात प्रसिद्ध जात ब्लू रग, खरं नाव विल्टोनी, १९१४ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर सापडलेली. अगदी जमिनीलगत, निळसर चंदेरी. बार हार्बर ही त्याच बाजूची, खाऱ्या वाऱ्याला टिकणारी. प्रिन्स ऑफ वेल्स गडद हिरवी, एकदम बुटकी, कॅनडात १९६७ ला बाजारात आली. थंडी पडली की या जातींवर जांभळट झाक येते, पाचगणीला डिसेंबर-जानेवारीत अशी झाक दिसली तर घाबरून औषध मारायला जाऊ नका, तो रोग नाही.

आता व्यवहाराचं बोलू. ही नावं आपल्या नर्सरीत जाऊन घेतली तर बऱ्याचदा समोरचा नुसता "जुनिपर आहे" एवढंच म्हणतो, आणि जे देतो ते चायनीज जुनिपर, म्हणजे चिनेन्सिस, किंवा बोन्सायवाल्यांच्या आवडीचा जपानी प्रोकम्बेन्स असतो. यात नाराज होण्यासारखं काही नाही. माझं मत विचाराल तर सांगली जिल्ह्यासाठी प्रोकम्बेन्सच घ्या, तोही पसरणाराच आहे, थोडा उंच होतो, फूटभर, कधी जास्त, पण उष्णता हॉरिझॉन्टॅलिसपेक्षा बरी सोसतो. फ्लोरिडासारख्या गरम दमट भागात तिकडचे लोकसुद्धा हॉरिझॉन्टॅलिस सोडून पार्सोनी, कॉन्फर्टा असले जुनिपर लावतात, ते काही उगाच नाही. निळी झाक हवीच असेल आणि जागा पाचगणी-साताऱ्याकडची असेल तर ब्लू रग शोधा.

ओळखायचं कसं? प्रोकम्बेन्सची पानं तीन-तीनच्या झुबक्यात, सुईसारखी, हाताला टोचतात. हॉरिझॉन्टॅलिसच्या जून फांदीवर पानं खवल्यांसारखी चपटी बसलेली असतात, हात फिरवला तर तेवढी टोचत नाहीत. आणि उभा वाढणारा जुनिपर लहानपणी छाटून गोल केला की तोही पसरट दिसतो, म्हणून पानं बाजूला करून मधलं खोड बघा. मुख्य खोड सरळ वर निघालं असेल तर ते झाड पुढे उभंच राहणार, कितीही "पसरतंय हो" म्हटलं तरी.

रोप घेताना पिशवी उघडून बघा

इथे जरा वेळ घालवा, पैसे इथेच वाचतात. बाहेरून ट्रकने येणारी रोपं बऱ्याचदा चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. प्रवासात माती सुटू नये म्हणून ते सोयीचं, पण तो गोळा तसाच जमिनीत गाडला की भोवतीची माती वेगळी आणि आतला गोळा वेगळा असं दोन जगांचं काम होतं. उन्हाळ्यात गोळा विटेसारखा कडक होतो, ड्रिपचं पाणी बाजूने निघून जातं, आत कोरडंच. पावसाळ्यात एकदा भिजला की महिनाभर चिखल. बाहेरून झाड हिरवं दिसतं, कारण जुनिपर मेल्यानंतरही बरेच आठवडे हिरवाच दिसतो, हे लक्षात ठेवा. रोप जिवंत आहे का बघायला बारीक फांदी नखाने खरवडा, खाली ओली हिरवी साल दिसली पाहिजे, आणि टोकं वाकवली तर लवचिक वाटली पाहिजेत, चुरचुर आवाज करून पानं गळायला लागली तर ते रोप गेलेलं आहे, सोडून द्या.

घरी आणल्यावर सावलीत ठेवा, उन्हाची दोन-दोन तासांनी सवय करा, आठवडाभर. लावायच्या दिवशी गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढा आणि बांबूच्या काडीने बाहेरचा साधारण तिसरा हिस्सा माती हलकेच मोकळी करा. पूर्ण माती धुऊन मुळं उघडी करायची नाहीत, बोन्सायवाले करतात ते त्यांच्या सीझनला आणि त्यांच्या काळजीने, आपल्या हवेत रोप दगावतं. मुळं गोल गोल फिरलेली असतील तर ब्लेडने तीन उभे काप द्या, नाहीतर ती पुढेही तशीच गोल फिरत राहतात.

जमिनीची परीक्षा

फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा काढा. काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या. मग परत भरा आणि आता काठी उभी करून खूण करा. तासाला किमान एक ते दोन इंच पाणी खाली गेलं पाहिजे. मुरमात यापेक्षा कितीतरी जास्त जातं. काळ्या मातीत दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी दिसतं, तसं दिसलं तर त्या जागी खड्डा काढून लावायचंच नाही, वर उचलून लावायचं.

काळ्या मातीत लोक काय करतात, मोठा खड्डा काढतात, त्यात मस्त लाल माती, खत, कोकोपीट भरतात आणि वर रोप लावतात. झालं काय, चहूबाजूंनी चिकणमाती आणि मध्ये भुसभुशीत, म्हणजे आजूबाजूचं सगळं पाणी येऊन साठायला हौद तयार. तळाला खडी टाकली तरी फरक पडत नाही, पाणी खडीच्या वर अडकूनच राहतं, उलट मुळांच्या आणखी जवळ येतं. आणि काळ्या मातीत पाटीभर वाळू मिसळून ती हलकी होते हाही गैरसमजच, थोड्या वाळूने ती अजून घट्ट बसते.

म्हणून गादीवाफा. भिलार-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीवाले जसे वाफे उंच करतात तोच विचार, फक्त आपला जास्त उंच आणि कायमचा. दीड फुटापर्यंत उंच, वरून सपाट नाही तर दोन्हीकडे उतरता. भरायला माझं माप असं, चार घमेली चाळलेला मुरूम, दोन घमेली पोयट्याची माती, एक घमेलं जाड कच, धुतलेली, त्यातली पावडर गेलेली, आणि एक घमेलं पूर्ण कुजलेलं जुनं शेणखत. यापेक्षा जास्त खत नको, जुनिपर गरीब जमिनीतलं झाड आहे. मातीचा सामू थोडा आम्ल असो की थोडा विम्ल, त्याला फारसं देणंघेणं नाही, त्यामुळे जांभ्याची लाल माती आणि माणकडची चुनखडीची, दोन्ही चालतात.

हरळी आणि लव्हाळा आधी काढा. हे मी परत लिहितो, आधी काढा. एकदा जुनिपर पसरला की त्याच्या काटेरी जाळीत हात घालून हरळी उपटणं म्हणजे शिक्षा आहे. उन्हाळ्यात जागा खणून मुळ्या आणि गाठी वेचा, पाणी मारा, परत उगवू द्या, परत खणा. लव्हाळ्याला दोन-तीन फेऱ्यांशिवाय पर्याय नाही.

कधी आणि कसं लावायचं

पश्चिमेकडे, म्हणजे सातारा, वाई, पाचगणी, पाटण, पाऊस पूर्ण उघडल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. जमीन अजून ओलसर, ऊन आहे पण भाजत नाही, आणि उन्हाळा यायच्या आत मुळांना चार-पाच महिने मिळतात. जत, आटपाडी, माणमध्ये पावसाच्या सुरुवातीलाही चालतं, तिथे पाऊस तुंबण्याइतका पडतच नाही. मार्च ते मे कुठेही नको.

ऊन दिवसातून सहा तास तरी सरळ मिळालं पाहिजे. आंब्याखाली, भिंतीच्या उत्तरेला, कारपोर्टच्या सावलीत लावला की मधून विरळ होतो आणि खालची खोडं उघडी पडतात. फक्त दुष्काळी पट्ट्यात भर दुपारी तीन-चारच्या पुढे थोडी सावली आली तर चांगलंच. डांबरी रस्ता किंवा फरशीला अगदी लागून लावला तर मे महिन्यात खालून भाजून निघतो, दोन फूट सोडा.

अंतराचा हिशोब सोपा आहे. चार फुटांवर लावायचं. समजा वीस बाय दहाचा उतार आहे, दोनशे चौरस फूट, चार गुणिले चार सोळा, दोनशे भागिले सोळा म्हणजे साडेबारा, तेरा रोपं. ओळी सरळ न ठेवता झिगझॅग केल्या, जे उतारावर करायलाच पाहिजे कारण पाण्याला सरळ वाट मिळत नाही, तर पंधराएक लागतात. घाई असेल तर तीन फुटांवर लावा, लवकर भरेल, पण पुढे फांद्या एकमेकांवर चढतात, हवा खेळत नाही आणि बुरशीला आयतं घर. चार फुटांवर पूर्ण झाकायला दोन-तीन वर्षं जातात, कधी जास्त, हे मनाशी धरूनच लावा, कारण पहिल्या वर्षी हे झाड वर काहीच करत नाही, जे चालतं ते खाली.

खड्डा गोळ्याच्या दुप्पट ते तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याइतकीच, किंबहुना दोन बोटं कमी. गोळ्याचा वरचा काठ आजूबाजूच्या मातीपेक्षा दोन बोटं वर राहिला पाहिजे, नंतर तो थोडा बसतोच. खोडाभोवती माती चढवायची नाही. तीच निघालेली माती परत भरा, पायाने तुडवू नका, हाताने दाबा आणि सावकाश पाणी द्या.

उतारावर अजून एक काम आहे आणि ते कुठे राहता त्यावर उलटसुलट होतं. पाऊस जास्त तिथे रोपाच्या वरच्या बाजूला आडवी चारी काढून येणारं पाणी बाजूला वळवा. दुष्काळी भागात उलट, रोपाच्या खालच्या बाजूला दगडांचा अर्धचंद्र लावून पाणी थोपवा. माण-खटावमध्ये सीसीटीचं, म्हणजे सलग समतल चर खणायचं, श्रमदान केलेल्या माणसाला हे शिकवायची गरज नाही.

वरून आच्छादन दोन-तीन इंच. पश्चिमेकडे बारीक खडी किंवा जांभ्याचे तुकडे, कारण पाचट-पालापाचोळा पावसात ओलाच राहतो. पूर्वेकडे पाचट, भुसा काहीही चालेल, ओल टिकते. दोन्हीकडे खोडापासून वीतभर जागा मोकळी. खडीखाली तणाची काळी चटई टाकायची का? तण कमी होतं हे खरं, पण फांद्यांना मूळ धरायला माती मिळत नाही, आणि उताराची माती धरायला तर आपण हे लावतोय, म्हणून उतारावर टाकू नका, सपाटीला टाका हवी तर.

पाणी

ड्रिप असेल तर गोळ्याच्या दोन बाजूंना तासाला चार लिटर देणारे दोन ड्रिपर, खोडाला चिकटून नाही. दीड तास चालवले की बारा लिटर होतात. लावल्यानंतर पहिले दोन महिने आठवड्यातून दोनदा, मग हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी, पहिल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी, पुढे जम बसला की पंधरा-वीस दिवसांनी एकदा भरपूर. जून लागला की कॉक बंद. रोज थोडं थोडं शिंपडणं सगळ्यात वाईट, आणि लॉनचा स्प्रिंकलर याच्यावर येत असेल तर त्याचं तोंड फिरवा. शंका आली तर बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर आज पाणी नको. माळीबुवांना मात्र हे पटवून द्यायला लागतं, त्यांना पाणी न घालता पगार घेणं पटत नाही.

खताचं तर अजूनच कमी. ऑक्टोबरमध्ये रोपाला दोन ओंजळी गांडूळखत किंवा शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, बास. युरिया अजिबात नको. नत्र जास्त झालं की कोवळी लुसलुशीत शेंडे फुटतात आणि बुरशी त्यांच्यावरच येते.

छाटणी, द्राक्षवाल्यांनो सावध

तासगाव-मिरजेकडच्या माणसाच्या हातात सिकेटर दिला की तो एप्रिलची खरड छाटणी डोळ्यासमोर ठेवून कापतो, वेल बोडका केला तरी महिन्यात फुटतोच हे त्याला ठाऊक आहे. जुनिपर तसा फुटत नाही. पानं नसलेल्या जुन्या लाकडावर कापलंत तर तिथून परत पान येत नाही, तो टक्कल पडलेला भाग कायमचा. कापायचं ते हिरव्या भागातच, फांदीच्या बगलेत जिथे दुसरी हिरवी फांदी निघालीय तिच्या अगदी पुढे, वरची फांदी उचलून खालून काप घ्यायचा म्हणजे जखम झाकली जाते. कुंपणाच्या कात्रीने वरून सपाट करू नका. एवढंच करायचं की रस्त्यावर येणाऱ्या फांद्या दरवर्षी थोड्या मागे घ्यायच्या, दहा वर्षं थांबून एकदम नाही. कोरडी हवा बघून करा, फेब्रुवारी चांगला. फुल बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला, याच्या पानांनी आणि चिकाने बऱ्याच जणांच्या हाताला लाल पुरळ येतं.

काय बिघडतं आणि कसं ओळखायचं

टोकं तपकिरी व्हायला लागली आणि मेलेल्या टोकाच्या खाली जिवंत भागाशी राखाडी पट्टा दिसला, भिंगातून त्यावर काळे ठिपके, तर तो फोमोप्सिस नावाचा शेंडेमर. पावसाळी दमट हवेत कोवळ्या शेंड्यांवर येतो. कोरड्या दिवशी रोगट फांद्या चार बोटं खालून कापा, प्रत्येक कापानंतर सिकेटर स्पिरिटने पुसा, कापलेलं जाळा किंवा लांब टाका. नवीन पालवी येत असताना मॅन्कोझेब किंवा ताम्रयुक्त बुरशीनाशक लेबलवरच्या प्रमाणात फवारलं तर पुढचं वाचतं, गेलेलं परत येत नाही.

एकेक शेंडा नाही तर अख्खी फांदी किंवा अर्धं झाड आधी मलूल, मग पिवळट, मग तपकिरी होत गेलं, तर कारण खाली आहे. बाजूची माती उकरून एक मूळ ओढून बघा. निरोगी मूळ आतून पांढरं आणि टणक असतं. कुजलेल्याची साल बोटात मोज्यासारखी सुटून येते आणि आत दोरा राहतो. ही फायटोफ्थोराची मूळकूज. इथे लोक कार्बेन्डाझिम ओततात, त्याचा यावर उपयोग नाही, कारण ही नेहमीची बुरशी नव्हे, द्राक्षावरच्या डाऊनी रोगाच्या जातकुळीतली आहे. मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिलने थोपवता येते, पण पाणी तुंबतच असेल तर औषधाचे पैसे गेले. असं रोप मुळासकट काढा, चारी खोल करा, आणि तिथे लगेच दुसरा जुनिपर लावू नका.

तिसरा त्रास कोळी, मार्च ते मे, पूर्वेकडे जास्त. झाड धुळकट, फिकट, पानांवर पिवळे बारीक टिपके. पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदी कागदावर दोन-तीनदा आपटा. कागदावर मिरीच्या पुडीसारखे कण पडतात, अर्धा मिनिट बघत राहा, त्यातले काही चालायला लागले तर ते कोळी. सकाळी पाइपने जोरात पाणी मारून फांद्या खालून-वरून धुवा, दोन-तीन दिवसांआड, आठवडाभर, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. एवढ्याच कामासाठी याच्यावर वरून पाणी मारायचं. गंधक मारायची सवय असेल तर पस्तीस अंशाच्या उन्हात मारू नका, पानं भाजतात. आणि निळ्या जातींवर तेलाची फवारणी, मग ती नीम तेलाची का असेना, जपून, पानांवरची निळी पावडरीसारखी झाक तेलाने निघून जाते आणि झाड साधं हिरवं दिसायला लागतं.

कुत्रं रोज एकाच ठिकाणी तंगडी वर करत असेल तर तिथली फांदी जळते. त्याला औषध नाही, जाळी लावा.

आगीचं विसरू नका

हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. जुनिपरच्या पानांत, लाकडात राळ आणि तेल असतं, आणि वरून हिरवा दिसणाऱ्या गालिच्याच्या खाली वाळलेल्या पानांचा थर साठलेला असतो. पेटला की भडकतो. साताऱ्याच्या आजूबाजूच्या डोंगरांना उन्हाळ्यात वणवे लागतात, डोंगराच्या पायथ्याला बंगला असेल तर जुनिपर घराच्या भिंतीला, लाकडी डेकला, गॅसच्या सिलिंडरजवळ लावायचा नाही. अमेरिकेत वणव्याच्या भागात घरापासून तीस फुटांच्या आत जुनिपर लावू नका असंच सांगतात. डोंगराकडच्या बाजूला गवत कापून जाळपट्टा ठेवा आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, फांद्या उचलून खालचा वाळका कचरा पंजाने ओढून काढा. त्याने बुरशीही कमी होते.

पुढची रोपं घरीच करा

पंधरा रोपं विकत घेण्यापेक्षा सहा घ्या आणि बाकीची तयार करा, घाई नसेल तर. पावसाच्या तोंडावर जमिनीलगतची पेन्सिलपेक्षा बारीक फांदी निवडा, टोकापासून फूटभर मागे खालच्या बाजूने नखभर साल खरवडा, तेवढा भाग वाळू मिसळलेल्या मातीत बोटभर खोल दाबा, तारेचा यू करून अडकवा, वर सपाट दगड ठेवा. टोक बाहेर राहू द्या. पुढच्या वर्षी फांदी हलकेच ओढून बघा, धरून बसली असेल तर आईकडची बाजू कापा, पण लगेच उचलू नका, महिनाभर तिथेच राहू द्या आणि मग ऑक्टोबरात हलवा.

कटिंगनेही होतं, पण धीर लागतो. डिसेंबर-जानेवारीत चार-पाच इंचाची काडी, कापायची नाही, खाली ओढून जुन्या लाकडाची छोटी टाच सोबत येईल अशी काढायची. खालची पानं काढा, मुळं फुटायला लावणाऱ्या आयबीए पावडरीत बुडवा, धुतलेल्या जाड वाळूत खोचा, वर प्लास्टिकची पिशवी, सावलीत. दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त काहीच दिसत नाही आणि काड्या हिरव्याच असतात, म्हणून जगल्यात समजून उपटून बघायची घाई करू नका. ओढल्यावर वाळूतून अडल्यासारखी वाटली तरच पिशवीत हलवा, आणि त्या पिशवीतही मुरूमच जास्त घाला.